हकीम बू अली सीना आणि मनाचे आजार

युनानी दवाखान्याची पायरी ज्यांनी चढली आहे त्यांना हकीम बू अली सीना हे नाव नवीन नसेल. पूर्वेकडे त्यांना शेख-उर-रईस या पदवीने ओळखतात, तर पश्चिमेकडे ते अविसेना या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांचा ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ हा वैद्यकावरील ग्रंथ लॅटिन भाषेत गेला आणि युरोपातील विद्यापीठांत थेट सतराव्या शतकापर्यंत अभ्यासला गेला. इतके आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. परंतु मानवी मन, स्मरणशक्ती आणि मनाचे आजार यांचाही या थोर हकिमांनी शरीराइतक्याच बारकाईने अभ्यास केला होता, ही गोष्ट मात्र आपल्या घराघरांत पोहोचलेली नाही. ती पोहोचणे आज अगत्याचे आहे. मुलाला ताप आला तर आपण रात्री-अपरात्री डॉक्टरकडे धावतो. तेच मूल महिनोन्‌महिने गप्प राहू लागले, झोपेनासे झाले, उगाच घाबरू लागले, तर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण दार लावून घेतो. या दोन वागणुकींतील अंतर हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमांनी मानले नव्हते.

बालपण आणि शिक्षण

इब्न सीना यांचा जन्म हिजरी ३७० मध्ये, म्हणजे इ. स. ९८० मध्ये, बुखारा शहराजवळील अफशना या गावी झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. त्यांचे वडील अब्दुल्लाह हे मूळचे बल्खचे. सामानी राजवटीत ते एका परगण्याचे अधिकारी होते. आईचे नाव सितारा. मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून हे कुटुंब बुखाऱ्यात येऊन राहिले. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत या मुलाने पवित्र कुरआन आणि अरबी साहित्याचा बराच भाग आत्मसात केला होता.

वडिलांच्या घरी विद्वान मंडळींची बैठक भरत असे. आत्मा म्हणजे काय, बुद्धी म्हणजे काय, अशा विषयांवर तेथे वाद चालत. लहानगा अली कोपऱ्यात बसून ऐके. त्याला सारे समजे. पण पटत मात्र नसे. मनाविषयीचे कुतूहल असे अगदी कोवळ्या वयातच त्याच्या ठायी जागे झाले. याच सुमारास वडिलांनी त्याला हिंदुस्थानी पद्धतीचे अंकगणित शिकण्यासाठी एका भाजीवाल्याकडे पाठवले. आपल्या देशात जन्मलेली ती आकडेमोड बुखाऱ्याच्या बाजारात एक भाजीवाला सफाईने करीत होता, आणि एका सरकारी अधिकाऱ्याला आपला मुलगा त्याच्यापाशी शिकायला पाठवण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे नातिली नावाच्या विद्वानाकडे तर्कशास्त्र आणि भूमिती यांचा अभ्यास झाला. शिष्य लवकरच गुरूच्या पुढे गेला. मग त्याने स्वतःच वैद्यकाची पुस्तके वाचली, रुग्ण तपासले, आणि सोळाव्या वर्षी वयाने मोठे असलेले वैद्य त्याच्यापाशी वैद्यकाचा पाठ घेऊ लागले.

चाळीस वाचने आणि तीन दिरहमांचे पुस्तक

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक घटना याच काळातील आहे. इब्न सीना यांनी ॲरिस्टॉटलचा ‘मेटाफिजिक्स’ हा ग्रंथ हाती घेतला. एकदा वाचला, दोनदा वाचला, असा चाळीस वेळा वाचला. तो ग्रंथ त्यांना तोंडपाठ झाला. परंतु त्याचा अर्थ काही केल्या उमगेना. हा ग्रंथ आपल्या आवाक्यातला नाही, असे मानून त्यांनी तो बाजूला ठेवला.

एके दिवशी दुपार कलल्यावर ते पुस्तकबाजारात गेले असता एका दलालाने त्यांच्यापुढे एक पुस्तक धरले. त्यांनी ते नाकारले. मालकाला पैशांची निकड आहे, असे सांगून दलालाने ते अवघ्या तीन दिरहमांना देऊ केले. पुस्तक होते अल्-फाराबी यांचे, आणि विषय होता ॲरिस्टॉटलच्या त्याच ग्रंथाचा हेतू. घरी येऊन त्यांनी ते वाचले आणि चाळीस वेळा घोकलेला सारा मजकूर एका क्षणात उजळून निघाला. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी त्यांनी गोरगरिबांना भरपूर दानधर्म केला आणि अल्लाहचे आभार मानले.

पाठांतर त्यांच्यापाशी होते. त्याला अर्थाची किल्ली मिळेपर्यंत ते बंद पेटीसारखे पडून होते. एखादा प्रश्न सुटेना की ते वुजू करून मशिदीत जात, नमाज पढत, दुआ मागत. आणि परत येऊन पुन्हा दिव्याजवळ पुस्तक उघडून बसत. झोप लागल्यावरही तोच प्रश्न स्वप्नात येई आणि कित्येकदा त्याची उकल झोपेतच होई, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. झोप आणि स्मरण यांचा संबंध आजचे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत तपासतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा जरूर विचार करावा.

याच सुमारास बुखाऱ्याचा अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडला. त्याच्या उपचारासाठी या तरुण हकिमाला बोलावण्यात आले, आणि त्या निमित्ताने राजवाड्यातील ग्रंथालय त्यांच्यासाठी खुले झाले. दालनामागून दालने, दालनात पेट्या, पेट्यांत ग्रंथ, आणि एकेक दालन एकेका विषयाचे, असे ते ग्रंथालय होते. अठराव्या वर्षापर्यंत त्यांनी हे सारे ज्ञान पचवले. मागे वळून पाहताना त्यांनी नोंदले आहे की त्या वयात आपली स्मरणशक्ती अधिक तेज होती, पुढे ज्ञान अधिक परिपक्व झाले, एरवी त्यात नवी भर पडली नाही. स्मरण आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वानुभवानेच जाणले होते.

वणवण आणि रैचा दुःखी राजपुत्र

सामानी राज्य इ. स. ९९९ मध्ये कोसळले. वडिलांचेही छत्र हरपले. बुखारा सोडून इब्न सीना ख्वारिझमच्या गुरगंज शहरी गेले आणि तेथून गावोगाव भटकत कास्पियन समुद्राजवळील जुर्जानला पोहोचले. तेथे त्यांना अबू उबैद जूजजानी हा शिष्य लाभला. तो अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिला आणि त्यांच्या चरित्राचा पुढील भाग त्यानेच लिहिला. ‘अल्-कानून’च्या लेखनाला प्रारंभही जुर्जान येथेच झाला.

इ. स. १०१४ च्या सुमारास ते आजच्या तेहरानजवळील रै या शहरी आले. तेथील तरुण सत्ताधारी मज्दुद्दौला हा मालीखुलियाने, म्हणजे घोर उदासीनतेच्या आजाराने, ग्रासलेला होता. राज्याचा कारभार त्याची आई सय्यदा पाहत असे. इब्न सीना यांनी त्या तरुणावर उपचार करण्याचे काम हाती घेतले. मनाने खचलेल्या माणसाचे दुःख त्यांनी असे जवळून पाहिले.

‘अल्-कानून’च्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे रोग क्रमाने दिले आहेत. मेंदूच्या विकारांत विस्मरण, भ्रम, मालीखुलिया, फेफरे, झोपेत छातीवर दडपण आणणारे भयस्वप्न, आणि माणसाला वेड लावणारे इश्क यांचीही प्रकरणे आहेत. विनाकारण भीती, मनात येणारे वाईटसाईट संशय, चटकन येणारा राग आणि एकांताची ओढ ही मालीखुलियाची सुरुवातीची लक्षणे त्यांनी सांगितली आहेत. आजार मुरण्यापूर्वीच उपचार सुरू करावेत, कारण आरंभी तो सहज बरा होतो आणि मुरल्यावर कठीण जातो, असे त्यांचे स्पष्ट मत होते. औषधाबरोबरच रुग्णाचे मन प्रसन्न ठेवावे, चांगल्या जागी त्याला बसवावे, त्याच्या झोपेची आणि आहाराची काळजी घ्यावी, असेही त्यांनी सांगितले आहे.

आणि येथेच त्यांनी एक अत्यंत महत्त्वाचा विचार मांडला. हा आजार जिन्नांमुळे होतो, असे त्या काळी काही वैद्यही म्हणत. इब्न सीना यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. वैद्यक शिकणाऱ्याला त्या प्रश्नाशी कर्तव्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. मागचे कारण जिन्न असो वा नसो, त्याचा परिणाम शरीराच्या प्रकृतीत बिघाड होण्यातच दिसतो. तेव्हा हकिमाने त्या बिघाडावर इलाज करावा, असे त्यांनी सांगितले. श्रद्धेला धक्का न लावता त्यांनी रुग्णाला वादातून सोडवून वैद्याच्या हाती सोपवले.

वजिरी, अज्ञातवास आणि तुरुंग

रैहून ते हमदानला गेले. तेथील अमीर शम्सुद्दौला याला पोटशुळाचा त्रास होता. इब्न सीना यांच्या उपचाराने त्याला आराम पडला आणि त्याने त्यांना वजीर केले. पण सैन्याने बंड केले, त्यांचे घर लुटले आणि त्यांच्या जिवाची मागणी केली. चाळीस दिवस ते एका मित्राच्या घरी लपून राहिले. इतक्यात अमिराचा पोटशूळ उलटला, तेव्हा त्याने त्यांना शोधून काढून, क्षमा मागून पुन्हा वजिरी दिली. दिवसा राज्यकारभार आणि रात्री शिष्यांना पाठ, असा त्यांचा क्रम असे.

इ. स. १०२१ मध्ये शम्सुद्दौला वारला. इब्न सीना पुन्हा अज्ञातवासात गेले, या वेळी एका अत्ताराच्या घरी. जवळ एकही ग्रंथ नव्हता. त्यांनी कागद आणि शाई मागवली, दोन दिवसांत ‘अश्-शिफा’ या प्रचंड ग्रंथाचे मुद्दे केवळ स्मरणाने लिहून काढले आणि मग रोज सुमारे पन्नास पाने या वेगाने लेखन चालू ठेवले. पुढे शत्रूशी पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून त्यांना फर्दजानच्या किल्ल्यात चार महिने कैदेत ठेवले. तेथेही त्यांची लेखणी थांबली नाही.

मनाचा शोध

‘अश्-शिफा’मध्ये नफ्स, म्हणजे आत्मा किंवा मन, या विषयावर एक स्वतंत्र भाग आहे. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो शहरी त्याचे लॅटिन भाषांतर झाले. त्यात इब्न सीना यांनी एक कल्पना करायला सांगितले आहे. एक माणूस पूर्ण वाढ झालेला असा एकदम निर्माण झाला आहे, तो हवेत अधांतरी आहे, डोळे झाकलेले आहेत, एका अवयवाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. त्याला ना काही दिसते, ना ऐकू येते, ना आपले शरीर जाणवते. तरीही आपण आहोत, एवढे त्याला कळेल की नाही? इब्न सीना यांचे उत्तर होते की कळेल. माणसाचे स्वत्व त्याच्या हातापायांत सामावलेले नाही, हे त्यांना यातून दाखवायचे होते.

मनाच्या आत पाच शक्ती काम करतात, असे त्यांनी मांडले. पहिली शक्ती डोळे, कान, नाक इत्यादींकडून आलेले अनुभव एकत्र करते. दुसरी त्यांची रूपे साठवते. तिसरी ती रूपे जोडते, तोडते आणि नवी घडवते. चौथी, म्हणजे वहम, डोळ्यांना न दिसणारा अर्थ ओळखते. लांडगा पाहताच कोकराला त्याचे वैर कळते, ते या शक्तीमुळे. पाचवी, म्हणजे हाफिजा, हे अर्थ सांभाळून ठेवते. मार खाल्लेला कुत्रा पुढे नुसती काठी पाहूनही घाबरतो, हे उदाहरण त्यांनीच दिले आहे. काठी आणि वेदना या दोन गोष्टी त्याच्या स्मरणात एकत्र बांधल्या जातात. ज्या घरात मुलासमोर पुस्तक आणि छडी नेहमी एकाच वेळी येतात, तेथे मूल पुस्तकालाच का भिऊ लागते, हे यावरून समजावे.

स्मरणाबद्दल त्यांचे आणखी एक निरीक्षण आहे. लहान मुलांच्या लक्षात चांगले राहते, कारण त्यांचे मन मोठ्यांप्रमाणे दहा गोष्टींत गुंतलेले नसते. आज मुलांच्याही मनात दहा गोष्टी शिरल्या आहेत. मोबाइल शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सोपे उत्तर कोणी देणार नाही.

मनाचा शरीरावर परिणाम कसा होतो, हे त्यांनी एका फळीच्या दाखल्याने सांगितले. जमिनीवर टाकलेल्या फळीवरून माणूस सहज चालत जातो. तीच फळी खोल दरीवर पुलासारखी ठेवली की त्याचे पाय लटपटतात. फळी तीच, पाय तेच. फक्त पडण्याचे चित्र मनात ठसलेले असते. घरी सर्व गणिते सोडवणारी मुलगी परीक्षेच्या दालनात थरथरते, तेव्हा तिला आळशी म्हणण्यापूर्वी ती फळी किती उंचावर कोणी ठेवली, हे पालकांनी स्वतःला विचारावे.

नाडीपरीक्षा आणि एक दंतकथा

प्रेमाने झुरणारा रुग्ण आपले गुपित सांगत नसेल, तर त्याची नाडी धरून एकेक नाव घ्यावे; ज्या नावाला नाडी उसळेल ते नाव मनात आहे, असे समजावे, ही युक्ती ‘अल्-कानून’मध्ये आहे. अशाच कथा प्राचीन ग्रीक वैद्यांविषयीही सांगितल्या जातात. मात्र मनातील खळबळ शरीरावर मोजता येते, हे तत्त्व त्यांनी उपचारात वापरले हे खरे.

निजामी अरूजी यांच्या ‘चहार मकाला’ या बाराव्या शतकातील फारसी ग्रंथात त्यांच्याविषयी एक गोष्ट येते. तिला इतिहासाचा पुरावा नाही, पण ती मोठी बोधप्रद आहे. एका राजपुत्राला आपण गाय झालो आहोत असे वाटू लागले. तो हंबरे, आपल्याला कापून हरीसा करा म्हणे, आणि अन्नाला शिवेना. इब्न सीना खाटकाच्या वेषात सुरी घेऊन आले. त्यांनी त्याचे हातपाय बांधून त्याला निजवले, चाचपून पाहिले आणि ही गाय फारच रोड आहे, आधी चारापाणी द्या, असे सांगून ते निघून गेले. कापले जाण्याच्या आशेने राजपुत्र जेवू लागला. अन्नातून औषध पोटात गेले आणि तो महिन्याभरात बरा झाला. कोणी त्याला हसले नाही की मारले नाही. त्याच्या भ्रमात शिरून त्याला हाताला धरून बाहेर आणले.

मुलांच्या मनाची काळजी

‘अल्-कानून’च्या पहिल्या भागात मुलांच्या संगोपनाविषयी मजकूर आहे. मुलाला तीव्र राग, भीती, दुःख आणि जागरण यांपासून जपावे, असे त्यात सांगितले आहे. यामुळे स्वभाव चांगला घडतो आणि शरीरही निरोगी राहते, कारण स्वभाव आणि प्रकृती यांचा एकमेकांवर परिणाम होतो, असे ते मानत. सहाव्या वर्षी मुलाला शिक्षकाच्या हवाली करावे. पण तेही हळूहळू, एकदम पुस्तकाला जखडून टाकू नये, अशी त्यांची शिफारस आहे. बालवाडीतच मुलांच्या पाठीवर ओझे देणाऱ्या आपल्या काळाने ही शिफारस पुन्हा वाचावी.

अखेर

फर्दजानहून सुटल्यावर इब्न सीना भाऊ आणि जूजजानीसह सूफी फकिरांच्या वेषात हमदानमधून निसटले आणि इस्फहानला अमीर अलाउद्दौला याच्या आश्रयाला गेले. उरलेली वर्षे तेथे लेखनात गेली. एका मोहिमेत अमिरासोबत असताना ज्या पोटशुळावर त्यांनी इतरांना बरे केले, तोच त्यांना जडला. आता इलाज उपयोगाचा नाही, हे ओळखून त्यांनी औषध थांबवले, गुलामांना मुक्त केले, संपत्ती गरिबांना वाटली आणि कुरआनच्या पठणात मन रमवले. हिजरी ४२८ च्या रमजान महिन्यात, म्हणजे इ. स. १०३७ च्या जूनमध्ये, हमदान येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे.

त्यांचे सर्वच विचार आज टिकलेले नाहीत. शरीरातील चार रसांचा सिद्धान्त आणि मेंदूच्या पोकळ्यांत मनाच्या शक्तींचे ठरलेले स्थान, या गोष्टी विज्ञानाने मागे टाकल्या आहेत. जर्मनीत लाइपझिग येथे १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा निघाली आणि त्यानंतर हे शास्त्र फार पुढे गेले. परंतु मनाचा आजार हा आजार आहे आणि त्याच्यावर वेळीच उपचार व्हावेत, ही त्यांची शिकवण आजही खरी आहे.

ती विसरल्याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मरण पावले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना बरे व्हावेत याच आशेने तेथे आणले होते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते.

पालक बंधू-भगिनींनो, घरातील कोणाचे मन आजारी पडले तर बाहेरची बाधा झाली की कोणी करणी केली, या चर्चेत महिने घालवू नका. मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने तिचे दुखणे दडवू नका. दुआ अवश्य मागा. ज्या हकिमांनी मशिदीत सजदा करून पुन्हा दिव्याजवळ पुस्तक उघडले, त्यांच्याप्रमाणेच दुआ मागून झाल्यावर रुग्णाला घेऊन डॉक्टरकडे चला.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला रात्र-रात्र झोप येत नसेल, पुस्तक उघडताच धडधडत असेल, तर ते घरी आई-वडिलांना किंवा आपल्या शिक्षकांना सांगा. आरंभीच सांगितले तर इलाज सोपा असतो, हे हजार वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे. तुमच्यातूनच उद्या मनाचे डॉक्टर आणि समुपदेशक तयार व्हावेत. समाजाला त्यांची फार गरज आहे, आणि बू अली सीना यांचे नाव घेण्याचा खरा अधिकार त्यांनाच लाभेल.